कोणाची गो तू?

ग्रामपंचायतीत क्लार्कची नोकरी करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपणहून येऊन टेबलासमोर बसतात. मला या टेबलामागे सत्तावीस वर्षं झाली. मालवणला जाणारी एसटी आमच्या ऑफिससमोर थांबते, ऑफिसला व्हरांडा आहे, व्हरांड्यात लांब बाक आहे आणि रस्त्यापलीकडे हसनभाईचं चहाचं दुकान आहे. एवढं असल्यावर गावाला वर्तमानपत्राची गरज पडत नाही. मी आत बसून दाखले लिहितो आणि खिडकीतून सगळं ऐकतो.

या नोकरीने मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे संशय. कुणी हसत हसत आत आला की मी आधी ड्रॉवरच्या कुलपाकडे बघतो. बायको म्हणते, "तुमी एक दिवस देवाकडे आधारकार्ड मागशात." अजून मागितलेलं नाही. पण आमच्या घरातला देवाचा फोटो कुणी दिला आणि का दिला, हे माझ्या बरोबर लक्षात आहे.

मी एकटाच असा नाही, हे आधी सांगतो.

*

आमचे जुने गुरुजी दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला न्यायला येतात. एका वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा होता आणि नर्सने सांगितलं म्हणून की काय, मिशी काढलेली होती. दाखल्यावर सही करायची पोलीस पाटलाने. पोलीस पाटील म्हणजे आमचा दिगू. वय अठ्ठावन्न, अंगात खाकी नाही पण चालण्यात आहे.

दिगूने गुरुजींना पुढून बघितलं, बाजूने बघितलं आणि मला म्हणाला, "माणूस हयात आसा, ह्यां दिसताच. पण गुरुजीच कशावरसून?"

मी म्हटलं, "अरे, तुला चार वर्षं शिकवलं त्यांनी."

"तेव्हा मिशी होती."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "दिगंबर, सतराचो पाढो म्हण."

दिगू उठून उभा राहिला. हात आपोआप पाठीमागे गेले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, एकावन्न, अडुसष्ट, पंच्याऐंशी असं करत सतरा सक वर आला आणि थांबला. बाकावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते.

गुरुजी म्हणाले, "चौथीतपण हंयच अडाकलंस."

दिगू खाली बसला आणि मला म्हणाला, "लिही रे, गुरुजीच ते."

*

दुसरा किस्सा तातू गावकराचा. तातू देवळातला मानकरी, वय ऐंशीच्या पुढे. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. आमच्याकडची पद्धत माहीत नसेल तर सांगतो. ज्याचं काही मागणं असेल तो नारळ घेऊन पुढे उभा राहतो. तातू त्याच्या वतीने देवाला एकेक गोष्ट सांगतो, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "म्हाराजा" म्हणतो, आणि मागे उभं असलेलं सगळं गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतं. त्यासाठी विचार करावा लागत नाही. आमची पोरं चालायला शिकायच्या आधी हे शिकतात.

तर एकदा ग्रामसभेत मोकाट गुरांचा विषय होता. तीन सभा भांडणात गेल्या होत्या. चौथ्या सभेला सरपंचांचा घसा बसला, म्हणून त्यांनी ठरावाचा कागद वाचायला तातूच्या हातात दिला. तातू उभा राहिला, डोळे मिटले आणि त्याच्या नेहमीच्या सुरात म्हणाला, "आजपासून मोकाट गुरां जेनी तेनी आपापल्या गोठ्यात बांधून घालूची, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळी सभा म्हणाली. सगळ्यात मोठा आवाज दिगूचा होता, आणि सगळ्यात जास्त मोकाट गुरं पण दिगूचीच होती. मी लगेच लिहिलं, ठराव एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी दिगू तावातावाने आला. "मी खंय व्हय म्हटलंय?"

बाकावर बसलेला तातू मान वर न करता म्हणाला, "म्हटलंस. आता नाय म्हणाचां आसात तर देवळात जावन सांग."

दिगूने संध्याकाळपर्यंत गुरं बांधली.

*

आता सुनंदाबाईचं सांगतो. तिचं एक सांगायला घेतलं की दुसरं येतं, म्हणून सगळीच सांगतो.

एका दुपारी एसटीतून पन्नाशी ओलांडलेली एक बाई उतरली. हातात एक बॅग आणि एक स्टीलचा डबा. बाकाजवळ येऊन म्हणाली, "ग्रामपंचायत हीच का?"

हसनभाई चहाचे ग्लास घेऊन तिथेच उभा होता. त्याने उत्तर द्यायच्या आधी विचारलं, "कोणाची गो तू?"

"मी सुनंदा."

"नाव कोणी इचारल्यान? कोणाची?"

बाई गोंधळली. मग म्हणाली, "खालच्या आवाठातल्या दाजींची मुलगी."

दाजी आमच्या खालच्या आवाठात, म्हणजे वाडीत, एकटा राहायचा. त्याला वारून वर्ष होत आलं होतं. त्याची बायको पन्नास वर्षांपूर्वी भांडून सहा वर्षांच्या पोरीला घेऊन मुंबईला गेली ती परत आली नाही. दाजीला मुलगी होती हे सगळ्यांना आठवत होतं. ती दिसायला कशी होती हे कुणालाच आठवत नव्हतं.

मी कागद मागितले. आईने मुंबईत दुसरं लग्न केलं, तेव्हा शाळेत सावत्र बापाचं नाव लागलं. पुढे लग्न झालं, तेव्हा नवऱ्याचं लागलं. तिच्या नावापुढे दोन पुरुष लागून गेले होते, पण दाजी कुठेच नव्हता. आमचं जन्माचं जुनं रजिस्टर काढलं. दाजीच्या घरी त्या साली जन्म झाल्याची नोंद होती. नावाच्या रकान्यात नुसतं 'मुलगी' असं लिहिलं होतं. गावच्या शाळेचं रजिस्टर वाळवीने कधीच खाल्लं होतं.

तिचा नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं, डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून ती आली होती. दाजीचं घर मिळालं तर राहायला छप्पर, नाहीतर त्या बॅगेत होतं तेवढंच. आणि इकडे दाजीच्या वैभववाडीच्या चुलत पुतण्याने त्या घरावर आपलं नाव लावायचा अर्ज आधीच टाकून ठेवला होता.

ग्रामसेवक मॅडमनी सांगितलं, "गावातल्या पाच माणसांनी पंचनाम्यावर सही करायची, की ही दाजींचीच मुलगी म्हणून आम्ही हिला ओळखतो. एका महिन्याची मुदत आहे."

पाच माणसं म्हणजे काही फार नव्हेत, असं तिला वाटलं असणार. आमचं गाव तिला माहीत नव्हतं, एवढ्यावरूनच माझा संशय वाढला.

*

दुसऱ्याच दिवशी बाकावर तिची परीक्षा झाली. दिगूने विचारलं, "दाजीच्या न्हाणीकडे कसलां झाड होतां?"

"रतांब्याचं," ती म्हणाली. "मी त्यावरून पडले होते."

"रतांबो नाय, फणस," दिगू म्हणाला.

"फणस खंयचो? चिंच," तातू म्हणाला.

"थंय झाडच नव्हतां, थंय बावडी होती," हसनभाई रस्त्यापलीकडून ओरडला.

पुढचा तासभर तिघे त्यावर भांडत होते. तातूने दिगूच्या आजोबांचा उद्धार केला. सुनंदाबाई मधे बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी एसटी आली तेव्हा सगळे पांगले. जाताना दिगू माझ्या खिडकीशी थांबला आणि निकाल सांगितला. "चुकीचां सांगलां आसात तर बाई खोटी. बरोबर सांगलां आसात तर तिका कोणीतरी पढवल्यान."

मला ते पटलं. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा पटलं.

*

तिला घरात घेतलं बेबीकाकीने. बेबीकाकी दाजीची शेजारीण. दाजीच्या घराची किल्ली तिच्याकडे होती, पण ती किल्ली तिने सुनंदाला दाखवली सुद्धा नाही. आपल्या पडवीत चटई मात्र घालून दिली. मी विचारलं, "काकी, तुमका पटता ती दाजीची म्हणान?"

"पटाक नाय."

"मग घरात कशी घेतलात?"

"संशय आसा म्हणान बाईल माणसाक उपाशी ठेवूचां काय?"

पहिल्या आठवड्यात काकी रोज ऑफिसात येऊन रिपोर्ट द्यायची. सगळ्यात गंभीर रिपोर्ट पेडव्यांचा होता. पेडवे म्हणजे बोटभर लांबीचे मासे, आमच्याकडे ते काट्यासकट खातात. काकी आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, ती पेडव्याचो काटो काढता. एकेक."

बाकावर सगळ्यांनी माना हलवल्या. ही गोष्ट त्या वाळवी लागलेल्या रजिस्टरपेक्षा वजनदार होती.

दोन आठवड्यांनी मी काकीकडे घरपट्टीचा कागद द्यायला गेलो. दोघी जेवत होत्या. सुनंदा पेडवे डोक्यापासून शेपटीपर्यंत कराकरा खात होती. काकी मला अभिमानाने म्हणाली, "बघ, आठावलां तिका."

"आठावलां की तुमी शिकवलात?"

काकीने ताटातला हात थांबवला. थोडा विचार केला आणि म्हणाली, "सासवेन माका शिकवल्यान तेव्हा माका कोणी इचारूक नाय."

मी घरपट्टीचा कागद ठेवला आणि आलो. काकीचा मला दोन दिवस राग होता.

*

हा किस्सा मात्र मी पुराव्यासकट सांगू शकतो.

दाजीची एक गोष्ट होती. तो एकदा मालवणच्या बाजाराला कोंबडा घेऊन निघाला. कंडक्टर म्हणाला, कोंबड्याचं तिकीट काढा. दाजी म्हणाला, "काढतंय. पण मगे तेका खिडकीकडची सीट व्हयी." ही गोष्ट दाजीने दिगूला सांगितली होती. दिगूने शिमग्याला हसनभाईला सांगितली. हसनभाईने मी समोर असताना चहा गाळता गाळता सुनंदाला सांगितली, दाजीचा आवाज काढून, मान तशी वाकडी करून.

आठ दिवसांनी सुनंदा बाकावर बसून तीच गोष्ट दिगूला सांगत होती. दाजीचाच सूर, तशीच वाकडी मान, आणि बोलणं अर्धं मालवणी झालेलं. दिगू ऐकता ऐकता ताठ बसला. ती गेल्यावर खिडकीशी आला. डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊ, ह्यां दाजीन माका एकट्याक सांगललां. तिका कळलां कसां?"

मी म्हटलं, "तू हसनभाईला सांगितलंस, हसनभाईने तिला सांगितलं. मी इथे बसून ऐकलंय."

"मी कोणाक सांगूक नाय."

"शिमग्याला सांगितलंस. तुझ्या अंगात तो निळा शर्ट होता."

दिगूने डोळे पुसले. मग माझ्याकडे तसंच बघितलं, जसं गुरुजींकडे बघितलं होतं. "तुका बरां सगळां लक्षात रवता. तू त्या वैभववाडीवाल्याचो काय रे?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाकाला कळलं होतं की क्लार्क पुतण्याच्या बाजूचा आहे. दोन दिवस हसनभाईने मला चहा दिला, पण सोबत गप्पा दिल्या नाहीत. सत्तावीस वर्षं ज्या गावाचे दाखले मी लिहितो, त्या गावात मी कुणाचा हे मला सिद्ध करायची पाळी आली. तेव्हा पहिल्यांदा मला त्या बाईचं वाईट वाटलं. संशय मात्र गेला नाही.

*

मुदत संपायच्या आधीच्या शुक्रवारी मॅडमनी पंचनामा टाईप करून आणला. खाली पाच रेघा. एकेकाला बोलावलं.

दिगू म्हणाला, "वळाखतंय. पण गेल्या म्हयन्यापासून वळाखतंय. तसां लिवशात तर करतंय."

काकी म्हणाली, "ती माझ्याकडे रवता, माझी सही पयली कशी घालतास? लोक काय म्हणतीत?"

हसनभाईने हात पुसले, पेन घेतलं, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. "माका पयलो नुको, तिसरो कर."

तातूने ऐकू येत नसल्यासारखं केलं. त्याला चांगलं ऐकू येतं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी पण तिसरा करीन." सगळ्यांनाच तिसरं व्हायचं होतं, आणि पहिला कुणी असल्याशिवाय तिसरा होता येत नाही. मॅडम घाटावरच्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

सुनंदा दारात उभी होती. ती आतापर्यंत कधी चिडली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, आणि मालवणीत म्हणाली, "इल्यापासून सगळे माकाच इचारतत, कोणाची गो तू. दर दिवशी मीच सांगतंय. एक दिवस तुमी सांगा मगे. नाय म्हणा, पण सांगा."

मी रजिस्टरची पानं उगाच उलटत बसलो. मॅडम म्हणाल्या, "सोमवारी अकरा वाजता शेवटचं. सह्या नसतील तर पुतण्याचा अर्ज मंजूर होईल."

*

सोमवारी सकाळी काकीच्या लक्षात आलं की सुनंदाने महिन्याभरात देवाला नारळच ठेवलेला नाही. गावात आलेल्या माणसाने पहिला नारळ ग्रामदेवतेला ठेवायचा असतो. जायचं झालं तरी ठेवूनच जायचं. काकीने तिला नऊ वाजता देवळात आणलं. सोमवार म्हणून पन्नासेक माणसं होतीच. दिगू होता. गाऱ्हाण्यानंतर सगळ्यांना चहा लागतो, म्हणून हसनभाई किटली घेऊन बाहेरच्या पायरीशी उभा होता. मी सुनंदाच्या अगदी बाजूला उभा होतो, कारण मला तिच्यावर नजर ठेवायची होती.

तातूने नारळ हातात घेतला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यां लेकरू तुझ्या पायाकडे इलां हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सुनंदाही म्हणाली. महिन्याभरात ती तेही शिकली होती.

"ह्यां खालच्या आवाठातल्या दाजीचां चेडू, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आमी सगळे हिका दाजीचां म्हणान वळाखतंव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

आवाज गाभाऱ्यातून फिरून परत आला आणि मग सगळ्यांना कळलं, आपण काय म्हटलं ते. दिगूचं तोंड उघडंच राहिलं. काकीने पदर तोंडाला लावला. तातू डोळे न उघडता पुढे चालू राहिला, हिच्या वाटेत कोण आडवो येयत तेका बाजूक कर म्हाराजा, आणि लोक व्हय म्हणत राहिले, कारण मधेच थांबायची पद्धत नाही.

बाहेर आल्यावर मी तातूला गाठलं. "हे मुद्दाम केलंत?"

"मी काय केलंय? तिका इचारलंय, कोणाचां नाव घेव. तिना सांगल्यान तां घेतलंय." त्याने चहाचा घोट घेतला. "व्हय तुमी म्हटलात."

अकरा वाजता ऑफिसात पहिली सही दिगूने केली. गुरांच्या वेळचं त्याच्या लक्षात असणार. दुसरी काकीची, आणि सही झाल्यावर तिने कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिसरा हसनभाई. मॅडमनी विचारलं, "तुम्ही देवळात होता?" तो म्हणाला, "मी भायर हुभो होतंय. पण व्हय मोठ्यान म्हटलंय." चौथा तातू, अंगठा.

पाचवी रेघ माझी होती. मी पेन उघडलं आणि थांबलो.

कारण मी तिच्या बाजूला उभा होतो. सगळ्या ओळींना ती "व्हय म्हाराजा" म्हणाली होती, देवाच्या नावाला, लेकराला, अगदी शेवटच्या नारळापर्यंत. तातूने 'दाजीचां चेडू', म्हणजे दाजीची मुलगी, म्हटलं तेव्हा मात्र पन्नास माणसं ओरडली आणि तिचे ओठ मिटलेले होते. हात जोडलेले, डोळे उघडे, देवाकडे बघत ती गप्प उभी होती. ते फक्त मी बघितलं.

आणि मी बघितलं हे तिने बघितलं होतं.

आता ती टेबलापलीकडे उभी होती. किल्ली अजून टेबलावरच होती, तिने हात लावला नव्हता. बाकावरून सगळे खिडकीतून आत बघत होते. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, ओळखता ना तुम्ही यांना?"

"व्हय," मी म्हटलं आणि सही केली.